जुने विलायती रिव्हॉल्व्हर डोळे झाकून घ्यावे काय?

शस्त्र परवानाधारकांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : विलायती पोलाद झिजत नाही, त्यामुळे .32 बोअरचे जुने वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचे रिव्हॉल्व्हर मिळाले तर नळी चकचकीत आहे, ब्लूइंग (पोलादावरचा गडद संरक्षक रंग) शाबूत आहे आणि चाप हलका आहे एवढे पाहावे आणि दुसरे गिऱ्हाईक येण्याआधी सौदा उरकावा. या सल्ल्यातील प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि ज्याच्या हातात ते शस्त्र उद्या झाडले जाणार आहे त्याच्या बोटांची व डोळ्यांची मला काळजी वाटते, म्हणून हे लिहितो.

प्रथम पोलादाविषयी. 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आणणे जवळजवळ बंद झाले, त्यामुळे आज हाती लागणारे विलायती रिव्हॉल्व्हर बहुधा चाळीस वर्षांहून जुनेच असते. पोलाद उत्तम असले तरी झीज होते ती सांध्यांत. वेब्ली बिजागरीवर मधोमध मोडून (दुमडून) उघडते, आणि कानपूरच्या आयुधनिर्माणीचे .32 त्याच घडणीवर बेतलेले असल्यामुळे पुढील तपासणी दोघांनाही लागू आहे. शस्त्र रिकामे असल्याची स्वतः दोनदा खात्री करावी, ते बंद करावे, एका हाताने मूठ व दुसऱ्या हाताने नळी धरून वर-खाली व डावी-उजवीकडे हलवून पाहावे. बिजागरीत किंवा शस्त्र बंद ठेवणाऱ्या वरच्या खिटीत खेळ (ढिलेपणा) जाणवला, तर प्रत्येक बारासोबत तो वाढत जाणार हे निश्चित समजावे.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि त्या सल्ल्यात तिचा उल्लेखही नाही. सिलिंडरला (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाला) एका बोटाने अगदी हलका अडसर देऊन घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग; चाप नव्हे) सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर आपल्या जागी अडकलाच पाहिजे, आणि हे सिलिंडरमधील काडतुसांच्या सहाही घरांसाठी स्वतंत्रपणे पाहावे, कारण पाच घरे बरोबर व सहावे मागे राहणारे, असेही आढळते. मग घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली आणावा आणि चाप मागे दाबून ठेवलेला असतानाच सिलिंडर फिरवून पाहावा. तो जाणवण्याइतका डुलत असेल, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत; गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर पुढे-मागे सरकतो का, हेही पाहावे. सिलिंडर आणि नळी यांमधील फट साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर असावी. ती फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाने) मोजता येते आणि गेज स्वस्त असते.

चकचकीत नळीविषयी सांगायचे तर, चकाकी घासूनही आणता येते. स्वच्छ कापड फिरवून, दोन्ही टोकांकडून, उजेडासमोर नळी पाहावी. रायफलिंगच्या (नळीच्या आतील पीळदार खाचांच्या) कडा ठसठशीत आहेत की गोलावल्या आहेत, हे चकाकीपेक्षा कितीतरी मोलाचे. आत एखादे काळपट कडे दिसले तर बाहेरून तेथेच बोट फिरवावे. उंचवटा लागल्यास पूर्वी कधीतरी आत अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली गेली आहे, आणि ती नळी नाकारावी. जुन्या काडतुसांच्या कॅपमधील क्षार बारानंतर नळीत राहत व ओल शोषत. कोकणातल्या दमट हवेत, न पुसता ठेवलेल्या नळीला त्यामुळे बारीक खड्डे पडणे अगदी स्वाभाविक आहे. मोडून उघडणाऱ्या शस्त्राची नळी मागून साफ करता येते. तरीही तोंडाची कड सळईने घासलेली दिसली, तर मालकाच्या निगराणीविषयी वेगळे काही विचारण्याची गरज उरत नाही.

शाबूत ब्लूइंगचा अर्थ अनेकदा उलटा असतो. साठ वर्षांच्या शस्त्रावर एकसारखा गडद रंग, पण कोरीव अक्षरे पुसट आणि स्क्रूभोवतालच्या कडा बसलेल्या, असे दिसले की गंजाचे खड्डे घासून पुन्हा रंग चढवला आहे असे समजावे. कातडी म्यानात वर्षानुवर्षे ठेवलेले शस्त्र फारसे झाडलेले नसले तरी गंजलेले असू शकते. उलट, म्यानाच्या घर्षणाने तोंडाशी उडालेला रंग हा मुळीच दोष नव्हे.

हलक्या चापाचे कौतुक मला सर्वांत धोकादायक वाटते. चढवलेला घोडा ज्या खाचेवर अडकून राहतो तिच्यावर कोणी कानस चालवली असेल, किंवा स्प्रिंग कमजोर केली असेल, तरी चाप हलका होतो. रिकाम्या शस्त्राचा घोडा चढवून, चापाला स्पर्श न करता, अंगठ्याने त्याला पुढे रेटून पाहावे. तो सुटला तर त्या शस्त्राला नकार द्यावा. मालकाला न विचारता रिकामा घोडा मात्र पाडत बसू नये. जुन्या घोड्याचे टोक तुटू शकते आणि सुटा भाग सहज मिळत नाही.

राहिली घाई. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवानाधारकाने स्वतःचे शस्त्र विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावे लागते. म्हणजे जाणत्या गनस्मिथकडून मालकाच्या समक्ष तपासणी करून घेण्यास वेळ पुरेसा आहे. त्याच वेळी शस्त्रावर कोरलेला क्रमांक मालकाच्या परवान्यावरील नोंदीशी अंक न् अंक ताडून घ्यावा. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर नळी कितीही उत्तम असली तरी व्यवहार तेथेच थांबवावा. ओळखचिन्ह पुसणे आणि तसे शस्त्र विकणे कलम 8 ने निषिद्ध केले आहे.