गुरूचे म्हणणे खोडणारा शिष्य
एकोणिसाव्या शतकातला जर्मन रोगशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) युलिउस कोनहाइम याच्यावरचा लेख वाचला. ‘कोनहाइमने गुरू फिरखो यांचेच काम पुढे नेले’ हे त्यातले वाक्य मला अजिबात पटले नाही. सुजेच्या बाबतीत तर त्याने गुरूचे म्हणणे चक्क खोडून काढले. पुवातल्या पेशी जागच्या ऊतींमधूनच तयार होतात, असे फिरखो मानत. बर्लिनमध्ये त्यांच्याच हाताखाली सहायक असलेल्या कोनहाइमने १८६७ मध्ये दाखवून दिले की त्या रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा पसरून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली हे घडताना पाहिले: रक्तवाहिनी रुंदावते, प्रवाह मंदावतो, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात आणि मग अंग चोरून एकेक बाहेर पडते.

मी पॅथॉलॉजी शिकवते. सुजलेल्या अपेंडिक्सच्या स्लाइडमध्ये वाहिनीच्या भिंतीत अर्धी आत, अर्धी बाहेर अशी पेशी एखाद्या मुलीला सापडली, की बाकीची मुले तिच्या सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा होतात. तेव्हा मी कोनहाइमचे नाव घेतेच. आणि शिक्षक म्हणून त्याच्यावर लेखात एकच ओळ? अमेरिकेचा नामवंत पॅथॉलॉजिस्ट विल्यम वेल्च ब्रेस्लाउला (आजचे पोलंडमधले व्रोत्सवाफ) त्याच्याकडेच शिकला. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख हा तोवर कोणाला फारसा माहीत नसलेला डॉक्टर तिथे अँथ्रॅक्स या गुराढोरांच्या जीवघेण्या रोगावरचे प्रयोग दाखवायला आला, तेव्हा कोनहाइमने ते पाहिले आणि आपल्या सहायकांनाही हातातले काम टाकून तिकडे पाठवले. १८८४ मध्ये कोनहाइम गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. हे सगळे लेखात यायला हवे होते.