पक्षी-फुलपाखरांच्या पट्ट्याला सरसकट चुना-खत? एका मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की घोडबंदर रोड आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. पक्ष्यांसाठी नाचणीचा, फुलपाखरांसाठी लिंबू-कढीपत्त्याचा पट्टा करा. माती परीक्षणाच्या भानगडीत न पडता गुंठ्याला दहा किलो चुना आणि पाच किलो १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम प्रत्येकी १५ टक्के असलेलं मिश्र खत) टाका. पट्टा जरूर करा. बाकीचा सल्ला पट्ट्याचं नुकसान करणारा आहे. मेसेजमधले दावे एकेक करून पाहू.

‘कोकणातली माती आम्लधर्मी, चुना हवाच.’ डोंगराकडच्या तांबड्या मातीबद्दल हे खरं असू शकतं. पण सोसायटीच्या आवारात बहुधा मूळ माती नसतेच. असतो तो भरावाचा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. त्यातल्या सिमेंटमुळे सामू (पीएच) आधीच ८ च्या वर गेलेला असू शकतो. त्यात चुना पडला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक ‘खत कमी पडलं’ म्हणून आणखी खत घालतात. सामू ६ ते ७.५ असेल तर चुन्याला हातही लावू नका.

खाडीलगतच्या भरावात क्षारता आधी पाहा. विद्युत वाहकता (रिपोर्टमधला ‘ईसी’, क्षारांचं माप) १ डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर असेल तर पहिलं काम निचऱ्याचं, खताचं नंतर. पालाश द्यायचंच तर म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइड असलेलं पालाश खत) टाळून सल्फेट ऑफ पोटॅश द्या, म्हणजे क्लोराइडची भर पडत नाही.

‘माती परीक्षणाच्या रिपोर्टचे आकडे हेक्टरचे, आपल्या गुंठ्याला लागू नाहीत.’ हेक्टरी १० किलो म्हणजे गुंठ्याला १०० ग्रॅम, इतकाच हिशेब आहे. नाचणीसाठी हेक्टरी ६०:३०:३० (किलो नत्र:स्फुरद:पालाश) ही मात्रा धरू. रिपोर्टमध्ये नत्र कमी, स्फुरद जास्त आणि पालाश मध्यम आलं, तर नत्र पाव भाग वाढवायचं, स्फुरद पाव भाग घटवायचं, पालाश तेवढंच ठेवायचं. गुंठ्याला साधारण १.६ किलो युरिया, १.४ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो म्युरेट (क्षार नसतील तर). निम्मा युरिया लावणीला, उरलेला महिन्याने, पावसाची उघडीप पाहून. रिपोर्टमधलं ‘उपलब्ध नत्र २०० किलो’ पाहून पिकाच्या गरजेतून ते वजा करू नका. तो साठा नाही, कमी-मध्यम-जास्त ठरवण्याचा निर्देशांक आहे; २८० च्या खाली म्हणजे कमी. पाच किलो १५:१५:१५ मधून तिन्ही अन्नद्रव्यं प्रत्येकी ७५० ग्रॅम जातात. स्फुरद आधीच भरपूर असेल तर ते नुसतं वाया जात नाही, जस्ताची कमतरताही वाढवतं.

‘जास्त खत, जास्त फुलपाखरं.’ नत्र जास्त झालं की लुसलुशीत फुटवा येतो, त्यावर मावा ही कीड बसते, मग कोणीतरी फवारणी करतं. त्या फवारणीत कढीपत्त्यावरच्या अळ्याही मरतात, आणि अळ्यांसाठीच तर तो कढीपत्ता लावलेला असतो. खुळखुळ्यासारख्या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात. युरिया दिला की त्या गाठीच कमी धरतात. जुलैच्या धो-धो पावसात टाकलेलं खत तर नाल्यातून थेट खाडीत जातं, आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

‘परीक्षण करायचंच तर मातीचा नमुना कुठूनही घ्या’ हेही त्याच मेसेजमध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त रिपोर्ट इथेच बिघडतात. झाडाच्या बुंध्याशी, कंपोस्टच्या खड्ड्याजवळ किंवा नुकतं खत पडलेल्या जागी नमुना घेऊ नका. वरचा पालापाचोळा बाजूला करून आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, एका बाजूची पातळ चकती वरपासून खालपर्यंत काढा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत घेतली तर जस्ताचा आकडा फुगतो. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. भराव आणि मूळ माती यांचे नमुने वेगळे ठेवा. हे सगळं एप्रिल-मेमध्येच उरका, म्हणजे पेरणीपूर्वी रिपोर्ट हातात असतो.

आणि ठाण्यातल्या येऊरच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, वन विभागाच्या परवानगीशिवाय ना बी टाकायचं, ना खत.