थिनरनं हात धुणाऱ्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

गोव्यात कुंडई म्हणा, वेर्णा म्हणा, तुये म्हणा, औद्योगिक वसाहतीत रंगकामाची शिफ्ट धरलीत की आधी नाकावर विश्वास टाका. फुकटचं मीटर आहे ते. थिनरच्या वाफेत बेंझिन हे विष असू शकतं; अमेरिकेत कामाच्या जागी त्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं १ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग. त्याचा गोडसर वास नाकाला कळतो तो बहुधा ही मर्यादा ओलांडल्यावर, आणि थोड्या वेळानं तोही कळेनासा होतो. वास गेला म्हणजे विष गेलं असं समजा आणि पुढच्या ड्रमचं झाकण उघडा.

थिनर घ्यावा तो सुटा, बिनलेबलच्या कॅनमधला. लेबल असलं की टोल्युइन किती, झायलिन किती हे वाचत बसावं लागतं. टोल्युइन हलक्या प्रतीचं असेल तर त्याच्यासोबत बेंझिनही येतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. सुटताना हातावरचा रंग याच थिनरनं काढा. तो संपला तर स्कूटरमधलं पेट्रोल आहेच, बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. थिनरनं तेलकटपणा धुऊन निघालेली कातडी ते अडवत नाही, उलट वाट करून देते.

हातमोजे हवेच असतील तर दवाखान्यातले पातळ निळे नायट्राइलचे घाला. रंग उतरवायचं डायक्लोरोमिथेन त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. मोजा फाटलेला दिसत नाही, आत फक्त गारवा लागतो. मे महिन्यात तेवढंच सुख.

मास्क म्हणून करोनातला उरलेला एन-९५ छान. तो धूळ अडवतो, वाफ नाही. वाफ शोषणारं, मास्कला लावायचं कोळशाचं कार्ट्रिज मिळालंच तर जेवणाच्या सुट्टीत ते खुंटीला उघडं टांगा. आपण जेवतो तसं तेही शॉपमधली वाफ खात राहतं. आषाढात तर हवेतलं पाणीच कोळशातली जागा अडवतं. कधी बसवलं ती तारीख त्याच्यावर अजिबात लिहू नका. पंखा असा लावा की वाफ ड्रमवरून तुमच्या तोंडावरून जाऊन मग भिंतीतून बाहेर पडेल. ओढणारं हूड ड्रमपाशी आणू नका. हूडचं अंतर दुप्पट केलं की त्याची ओढ जवळपास चौथाईवर येते, मोटार तेवढीच फिरते आणि वीजबिलही तेवढंच. गुळाचा खडा मात्र रोज चघळा. त्यानं फुप्फुसं साफ होत नाहीत, पण तो वाटणाऱ्याला पुण्य लागतं.

आता आत काय चालतं ते ऐका. बेंझिन स्वतः फारसं करत नाही. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं फिनॉल, हायड्रोक्विनोन करतं. ते अस्थिमज्जेत पोचतं आणि तिथं त्याचं बेंझोक्विनोन होतं. रक्तपेशी घडतात त्याच जागी ते गुणसूत्रं तोडतं, पेशीच्या विभागणीत वाटणी बिघडवतं. वाटणीत सुटलेला तुकडा केंद्रकाबाहेर वेगळा गोळा होऊन राहतो, तो मायक्रोन्यूक्लिअस. (भावांच्या वाटणीत कोणाच्याच नावावर न लागलेलं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, तसंच.) वर्षानुवर्षं असं चाललं तर पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. बेंझिनमध्ये काम करणाऱ्यांच्या शुक्राणूंतही गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळली आहे, म्हणजे घरच्यांनाही अगदीच वगळलेलं नाही.

हे एन्झाइम जोमानं चालावं म्हणून रोज संध्याकाळी फेणी घ्या, मोसमात हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. दारू पचवायलाही हेच एन्झाइम राबतं आणि रोजच्या पिण्यानं त्याचा साठा वाढतो. रात्रीची सोय सकाळी बेंझिनच्या कामी येते.

राहिली तपासणी. वर्षातून एकदा साधी रक्ततपासणी पुरे. मागचे रिपोर्ट शेजारी मांडू नका. समजा पांढऱ्या पेशी ७,८००, मग ६,१००, मग ४,६०० झाल्या. ४,००० ते ११,००० च्या चौकटीत तिन्ही आकडे ‘नॉर्मल’ आहेत, उतरण फक्त ओळीनं वाचणाऱ्याला दिसते. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीनं धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्याला पाहू देणं हे कारखाने कायद्यानं मालकावर घातलं, पण मागून माणसाला कशाला अवघडात टाकायचं? ठेकेदार बदलला की वही तशीही कोरी होते.

कोणी जाणता लघवीतलं म्युकोनिक आम्ल तपासा म्हणाला, तर आनंदानं हो म्हणा. बेंझिनची ही खूण दर पाचेक तासांनी अर्धी होत जाते. म्हणून नमुना रविवारची सुट्टी संपवून, सोमवारी सकाळी, शॉपमध्ये शिरण्याआधी द्या. आठवड्याच्या शेवटी, शिफ्ट सुटताना का नको, असं त्यानं विचारलंच, तर सांगा की तेव्हा लॅबची गाडी या बाजूला येत नाही.