पिंग होत नाही म्हणून स्विच मरत नाही

बडोद्यात कारखान्यांची, शाळांची नेटवर्कं सांभाळणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांत सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) रिमोट लॉगिन होत नसेल तर आधी पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक पाठवून उत्तर येतं का बघा. पिंग होत नसेल तर स्विच गेला, होत असेल तर पासवर्ड चुकतोय. गेटवे (दुसऱ्या नेटवर्कात जायचं दार) राउटरला लागतो, स्विचला नाही. लॉगिनसाठी आतल्या नेटवर्कवर जुनं टेलनेट बिनधास्त ठेवा, एसएसएचची (सगळं कूटबद्ध करून पाठवणारी पद्धत) कटकट नको. आणि काहीच जमलं नाही तर रीसेट बटण दाबून धरा.

एकेक घेऊ.

पिंग होत नाही म्हणजे स्विच गेला? स्विचचं खरं काम फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पाठवणं. मॅनेजमेंटचा आयपी, म्हणजे स्विचला स्वतःला गाठायचा पत्ता, हा त्याचा जोडधंदा. तो आयपी ज्या व्हीलॅनवर (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) दिलाय, त्या व्हीलॅनमधला एकही पोर्ट चालू नसला की तो व्हीलॅन इंटरफेस डाऊन होतो आणि पिंग बंद पडतं. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) शॉपफ्लोअरवरची सगळी मशीनं मात्र त्याच स्विचवरून सुखेनैव चालू असतात. म्हणून नवा स्विच मागवण्याआधी तिथल्या सुपरवायझरला एक फोन करावा: ‘मशीनं चालू आहेत का?’ चालू असतील तर स्विच जिवंत आहे, फक्त तुमच्याशी बोलत नाहीये.

पिंग होतंय म्हणजे पासवर्डच चुकतोय, हे दुसरं अर्धं तर जास्तच घातक. पिंग आयसीएमपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं, एसएसएच टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या २२ नंबर पोर्टवर. पहिलं पोचलं म्हणून दुसरं पोचेलच असं नाही. शिवाय पासवर्ड चुकला तर स्विच तसं सांगतो. बाकीच्या वेळी स्क्रीनवर काय येतं ते वाचायचं असतं, आणि नेमकं तेच कोणी वाचत नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पलीकडून कोणीतरी उत्तर दिलंय, म्हणजे रस्ता ठीक आहे, दार बंद आहे. एसएसएच चालूच केलेलं नसेल, व्हीटीवाय लाइनवरच्या (दूरवरून लॉगिन करायच्या जागा) ॲक्सेस लिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, तुमचा आयपी नसेल, किंवा सगळ्या लाइनी भरल्या असतील. हे शेवटचं कारण फार जणांच्या ध्यानात येत नाही. सिस्को कंपनीच्या जुन्या डब्यांवर बहुधा ० ते ४ अशा पाचच लाइनी वापरात असतात. रिकामं बसलेलं सेशन १० मिनिटांनी आपोआप तुटतं, पण कुणी शहाण्याने ‘एक्झेक-टाइमआउट ० ०’ लिहून ठेवलं असेल तर अर्धवट सोडलेली सेशनं तिथेच मुक्काम ठोकतात. कन्सोलवरून (स्विचला थेट केबल लावून) ‘शो यूजर्स’ बघा आणि अडकलेली लाइन ‘क्लिअर लाइन’ने मोकळी करा. रीबूटची गरज नाही.

‘टाइम्ड आउट’ आलं तर गोष्टच वेगळी. पॅकेट वाटेत कुठेतरी गडप झालंय, किंवा उत्तर परत येत नाहीये. मधली फायरवॉल आणि राउटिंग तपासा.

आणि पिंगला उत्तर नक्की कोण देतंय? कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टात खुपसला आणि त्याचा १९२.१६८.१.१ तुमच्याच डब्याच्या आयपीशी भिडला, तर पिंग झकास होतं, लॉगिन पेज मात्र भलतंच उघडतं. ‘एआरपी -ए’ देऊन मॅक ॲड्रेस (यंत्राचा कारखान्यातच दिलेला पत्ता) स्विचच्या लेबलशी ताडून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

गेटवेचा मुद्दा सोपा आहे. तुम्ही स्विचच्याच सबनेटमध्ये, म्हणजे आयपींच्या त्याच गटात, असाल तर गेटवे लागत नाही, आणि संदेश लिहिणारा बहुतेक तिथेच बसून लिहीत असावा. दुसऱ्या सबनेटमधून आलात की स्विचला उत्तर परत धाडायचा रस्ता हवा. लेयर टू, म्हणजे राउटिंग न करता चालणाऱ्या, स्विचवर त्यासाठी ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’. पण त्याच स्विचवर ‘आयपी राउटिंग’ चालू केलंत तर ती ओळ निकामी होते, मग डिफॉल्ट रूटच लिहावा लागतो.

टेलनेटबद्दल जरा सविस्तर. ‘आतलं नेटवर्क आहे, कोण बघतंय?’ या प्रश्नाचं उत्तर १९९५ सालीच मिळालंय. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवतं. २०१७ मध्ये तर सिस्कोच्या ३०० हून अधिक स्विच मॉडेलांत अशी खोट सापडली की टेलनेट चालू असेल तर पासवर्डाशिवायही ताबा घेता येई. एसएसएचची ‘कटकट’ येते ती बहुतेकदा जुन्या स्विचवर नव्या लॅपटॉपमुळे. लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमने २०१५ मध्ये ७.० आवृत्तीत किल्ली ठरवायची जुनी डिफी-हेलमन ग्रुप १ पद्धत आपणहून वापरणं बंद केलं, २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीत ओळख पटवायची एसएचए-१ वाली आरएसए सहीही. मग ‘नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड’ किंवा ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ असं येतं. त्यावर इलाज म्हणजे लॅपटॉपवर, फक्त त्या एका स्विचच्या नावापुढे, जुनी पद्धत चालू करणं आणि जमेल तेव्हा फर्मवेअर बदलणं. साऱ्या कारखान्याला टेलनेट देणं नव्हे.

राहिलं रीसेट. दाबून धरलंत तर मॉडेलप्रमाणे व्हीलॅन, ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारे जोड), पासवर्ड सगळं धुऊन निघतं. मग कॅमेरे आणि मशीनं एकाच व्हीलॅनमध्ये येतात आणि आधी फक्त लॉगिन बंद होतं, ते आता उत्पादन बंद होतं. बटणाआधी कन्सोल केबल लावा, वेग बहुधा ९६००. मायक्रोटिक कंपनीचा डबा असेल तर तेही नको, तिचा विनबॉक्स प्रोग्रॅम त्याच लेयर टू नेटवर्कवरून आयपी नसतानाही मॅक ॲड्रेसवर जोडतो.

दूरवरून ॲक्सेस लिस्ट बदलताना आपलंच दार लावून घ्यायची भीती असेल तर सिस्कोवर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा, मग ‘रिलोड इन १०’ देऊन बदल करा. नवा बदल सेव्ह करू नका. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांत डबा जुन्या कॉन्फिगवर परत येतो. आत राहिलात तर ‘रिलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नका, नाहीतर ऐन शिफ्टमध्ये स्विच आपणहून रीबूट होईल आणि शेठचा फोन तुम्हालाच येईल.