मध्यक काढता येतो, पण तो कधी विचारायचा हे कोण शिकवणार?

दहावीच्या गणित भाग १ मधला शेवटचा धडा सांख्यिकीचा. त्यातला मध्यक म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारी किंमत. मुलं त्याला हक्काचे मार्क म्हणतात, आणि ते खरंच आहे. संचित वारंवारता मांडा, मध्यकवर्ग शोधा, सूत्रात किमती टाका, झालं. शिकवणीला येणाऱ्या साधारण मुलांचाही हात यात सफाईने चालतो.

आता त्याच मुलांपुढे एखाद्या कॉलेजची जाहिरात ठेवा. ‘सरासरी पॅकेज ९ लाख!’ समजा १० जणांना नोकरी लागली. नऊ जणांना ४-४ लाख, एकाला ५४ लाख. बेरीज ९० लाख, सरासरी ९ लाख. जाहिरात खोटी नाही, पण ९ लाख मिळालेला त्यात एकही नाही. मध्यक ४ लाख. शिवाय ज्यांना नोकरीच लागली नाही, ते या हिशेबात धरलेत का? हे विचारायला लागणारं सगळं गणित दहावीत झालेलं असतं. तरी मुलं विचारत नाहीत, आणि कर्ज काढून फी भरणारे आईवडीलही नाहीत. मला याचा फार त्रास होतो.

सीईटीचंही तेच. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० मार्क, असं समजणारी घरं आजही भरपूर आहेत. खरा अर्थ एवढाच, की परीक्षेला बसलेल्या दर १०० पैकी ९० मुलांचे मार्क तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत.

पावसाचं बघा. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की हवामान खात्याच्या लेखी पाऊस सर्वसाधारण. पण सोयाबीनच्या शेंगा भरताना तीन आठवडे खंड पडला आणि मग आठवडाभर धो धो कोसळला, तर जिल्ह्याची टक्केवारी भरून निघते, पीक मात्र हातचं गेलेलं असतं. शेतकऱ्याच्या पोरांना हे घरूनच ठाऊक असतं. वर्गात मात्र सरासरीचा धडा चालू असताना त्यांना कुणी बोलतं करत नाही.

माझ्या मते दोष प्रश्नपत्रिकेचा आहे. ‘मध्यक काढा’ एवढंच विचारलं, तर मुलं तेवढंच शिकणार. ‘इथे मध्य (म्हणजे सरासरी) घ्याल की मध्यक, आणि का?’ असा दोन मार्कांचा एक प्रश्न बोर्डाने घालावा. तपासायला वेळ लागेल, उत्तरं वेगवेगळी येतील, मान्य. तरीही घालावा. शिक्षक मित्रांनो, बोर्डाचं होईल तेव्हा होईल, घटक चाचणी तर आपल्याच हातात आहे. या सत्रात हा प्रश्न देऊन बघा आणि मुलांनी काय लिहिलं ते मला जरूर कळवा.