बोट म्हणजे करपलेली कढई नव्हे

ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या जलाशयावरून आमची मोटरबोट परत आली की दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. फायबरच्या बोटीला तकाकी देणारे जेलकोटचे आवरण जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे असते, हे मी भागीदार मित्रांना किती वेळा सांगितले याला गणती नाही. तरीही पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा थर दिसला, की कोणीतरी तारेची घासणी आणि कपड्यांची पावडर घेऊन तिच्यावर तुटून पडतोच. अहो, तो थर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुतला तर निघतो! काल उजव्या बाजूकडे तिरपे पाहिले, तर नाण्याएवढ्या गोल ओरखड्यांची रांगच्या रांग चमकत होती, आणि पावडरीने वरचे संरक्षक मेण धुऊन गेल्यामुळे उघड्या पडलेल्या भागावरून तळवा फिरवला, तर उन्हाने झालेली खडूसारखी भुकटी हाताला लागली. आता पुन्हा रबिंग कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढणारी पेस्ट, मग पॉलिश, मग मेण. आणि हे सगळे सावलीत, हात-दोन हातांचा भाग घेऊन करायचे, कारण ग्वाल्हेरच्या उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर कंपाउंड पुसायच्या आधीच वाळून बसते. शिवाय कंपाउंड म्हणजे त्याच आवरणाचा पापुद्रा खरवडणे. दर वर्षी असेच चालले तर खालचे काचतंतू दिसू लागतील. मऊ स्पंज, सौम्य साबण आणि बादलीभर स्वच्छ पाणी एवढेच तर हवे आहे, आणि तेही बोट बाहेर काढल्या काढल्या, थर वाळायच्या आत.