चार पावलांनी काय होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डोंगरातल्या राखीव जंगलात मी स्वतः हिंडतो, फोटो टाकतो आणि इतरांना मात्र वाट सोडू नका, बूट धुवा, फळाची सालही टाकू नका असं बजावतो, म्हणजे ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’. एका माणसाच्या चार पावलांनी काही होत नाही, आणि होत असेल तर सरळ सगळ्यांनाच बंदी करा.

कोरडा पाषाण मी काही बाबतीत आहेच, ते शेवटी सांगतो. आधी चार पावलांचं.

थोडी माणसं तर थोडं नुकसान, जास्त माणसं तर जास्त, हा हिशेब आपल्याला पटतो. पण जमीन असा हिशेब ठेवत नाही. न तुडवलेल्या गवताचं सर्वाधिक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. देठ मोडतात, माती दबते. याउलट मळलेल्या वाटेवर तुम्ही हजारावे असलात तरी फारसा फरक पडत नाही, कारण तिथलं बिघडायचं ते कधीच बिघडलंय. वाट म्हणजे आपण आधीच गमावलेली जमीन. नुकसान तेवढ्या पट्ट्यात कोंडून ठेवायचं, इतकाच त्या नियमाचा अर्थ. (वाटच नसेल तिथे मात्र उलट: एकामागून एक न जाता पांगून चालायचं, म्हणजे नवी वाट पडत नाही.) नागमोडी वाट तोडून सरळ उतरणारा शॉर्टकट सगळ्यात वाईट. पावसाचं पाणीही मग तोच उतार धरतं आणि माती घेऊन जातं.

उंचावर ही जखम भरायला फार वेळ लागतो. आल्प्ससारख्या डोंगरांवर ‘सिलीन अकॉलिस’ नावाची हिरव्या उशीसारखी वनस्पती वाढते. तिची एखादी उशी 300 वर्षांहून जुनी असू शकते. दिसते अशी मऊ की कुणालाही टेकावंसं वाटेल. थंडीमुळे तिथे कुजण्याचं कामही रेंगाळतं, म्हणून तुमची ती संत्र्याची साल ‘खत’ होण्याऐवजी महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. आणि त्याआधी एखादं जनावर ती हुंगत वाटेवर आलं, की माणूस म्हणजे खाणं हे ते शिकतं.

बूट धुणं तुम्हाला सोवळं वाटलं. न्यूझीलंडमध्ये कौरी या महाकाय वृक्षांची मुळं कुजवणारा एक रोग आहे. तो मातीतून पसरतो आणि बुटाला चिकटलेला किंचितसा चिखलही त्याला पुरतो. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगररांगेतलं बहुतेक जंगल 2018 मध्ये लोकांसाठी बंद करावं लागलं. तुम्ही म्हणता ती बंदी येते, ती अशी येते! बियांचंही तेच. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट, बॅगा तपासणारा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे बिया निघाल्या, त्यांच्याकडे माणशी सरासरी 9.5 निघाल्या. त्यांतल्या कुणी मुद्दाम नेल्या असतील असं मला वाटत नाही. पायमोजे, बुटांचे बंद, पॅन्टची दुमड, बॅगेचं वेल्क्रो एवढं निघण्याआधी घरीच तपासलं तरी पुष्कळ.

सरसकट बंदी मला पटत नाही. विणीच्या हंगामात, एखाद्या कड्यापुरती, एखाद्या ओढ्यापुरती बंदी जरूर असावी आणि ती मोडणाऱ्याची गय करू नये.

आता माझं. ऑर्किडच्या फोटोत मागचा सुळका स्पष्ट ओळखू येतो, हा तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा. दुर्मीळ ऑर्किड उपटून विकणाऱ्यांना पत्ता हवा असतो आणि तो मीच दिला. फोटो उतरवलाय; फाइलमधली जीपीएसची नोंद पुसून, फक्त फूल दिसेल असा दुसरा लावलाय. आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. पक्षी समोर यावा म्हणून मी फोनवर त्याचीच शीळ वाजवल्याचं त्याच लेखात मोठ्या कौतुकाने लिहिलंय. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर खाणं आणि घरटं सोडून भांडायला धावतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं असंही नाही. ते वाक्य खोडलेलं नाही, खाली चूक कबूल करणारी टीप जोडली आहे.